उरलेलं वाद्य

कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाले आधीच तिघं होते, चौथी मी. म्हणून बेस गिटार माझ्या वाट्याला आली. चार जाड तारा, लांबलचक दांडी आणि सूचना एकच: "मूळ स्वर धरून ठेव, बाकी आम्ही बघतो." दोन वर्षं धरून ठेवला. आणि त्या दोन वर्षांत या वाद्याच्या प्रेमात पडले ती पडलेच. बाकीची वाद्यं कानात वाजतात, बेस आधी बरगड्यांत वाजतो. ज्याने एकदा अँपला पाठ टेकून सर्वात खालची तार छेडली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण जुनं रॉक मी कधी ऐकलं नव्हतं. नावं माहीत होती, सगळ्यांनाच असतात. माझं ऐकणं दोन हजारनंतरच्या मेटलपासून सुरू झालं आणि तिथून पुढे फंककडे गेलं. साठ-सत्तरच्या दशकातलं संगीत म्हणजे मामाच्या पिढीचं, झांजांचा खळखळाट आणि लांबलेले गिटार सोलो, अशी माझी पक्की समजूत होती.

गेल्या वर्षी मामाची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. सामान आवरायला आम्ही सगळी भाचरं जमलो होतो. पोटमाळ्यावर चादरीत गुंडाळलेला एक कॅसेट डेक निघाला, लाकडी खोक्यातले दोन भलेमोठे स्पीकर आणि साठेक कॅसेट. काही काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतलेल्या (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, मामाला अजून त्याची हळहळ आहे), बऱ्याचशा मित्रांकडून भरून घेतलेल्या. कव्हरवर मामाच्या बारीक अक्षरात, निळ्या शाईत गाण्यांची यादी. मामा म्हणाला, "तूच घेऊन जा. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये हे लावलं तर शेजारी दार वाजवतील. आणि तू वाजवतेस ना ते, ते यात खूप आहे."

नाशिकला आणून, डेकचं हेड स्पिरिटने पुसून, हाताला लागली ती पहिली कॅसेट लावली. बीटल्स. पहिली दोन गाणी ओळखीची निघाली. तिसरं 'रेन'. १९६६ सालचं, एका सिंगलच्या (दोनच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. पहिल्या ओळीनंतर मी हातातलं काम ठेवलं आणि स्पीकरसमोर जमिनीवर बसले.

त्यांचा बेसवाला पॉल मॅकार्टनी त्यात मूळ स्वर धरून बसलेलाच नाही. गायक एक ओळ लांबवतोय, तेवढ्यात हा खालून वर चढतो, वरच्या तारेवर दोनतीन स्वरांशी खेळतो आणि ओळ संपायच्या आत घरी परततो. मैफलीत सारंगीवाला गायकाच्या मागून जातो, मधेच एखादी जागा स्वतःची घेतो, तसं. पण इथे ते सगळं खर्जात चाललंय! त्या गाण्याची साथ आधी जलद वाजवून मग टेप हळू चालवली होती, हे मला नंतर कळलं. म्हणून त्यातले ड्रम इतके जड, ओले वाटतात. गाणं पूर्वी फोनवर एकदा कानावरून गेलं होतं. हे त्यात आहे याचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागणार तरी कसा? बेसची सर्वात खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. फोनमधल्या नखाएवढ्या स्पीकरला तेवढी हवा हलवता येत नाही. आपला मेंदू हुशार, तो वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर अंदाजाने भरून काढतो, त्यामुळे चाल समजते. पण वजन जातं. आपण अर्धं गाणं ऐकतो आणि पूर्ण ऐकलं असं समजतो. माझी या पोस्टमधली एकच कळकळीची विनंती आहे: जुनं रॉक फोनच्या स्पीकरवर ऐकून त्याबद्दल मत बनवू नका. निदान बरे हेडफोन तरी लावा.

गंमत म्हणजे हा त्रास बीटल्सनाही होता. अमेरिकेतल्या, विशेषतः डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर बेस जसा भरदार यायचा तसा लंडनला येत नसे. जास्त बेस कोरला तर सुई खाचेतून उडेल ही इंजिनिअरांना भीती. १९६६ मध्ये 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी, म्हणजे याच सिंगलच्या पुढच्या बाजूच्या गाण्याला, त्यांनी ॲबी रोड स्टुडिओत एक मोठा स्पीकरच उलटा जोडून माइक म्हणून वापरला. स्पीकरचा रुंद पडदा खालच्या लहरी जास्त चांगल्या पकडेल असा हिशोब, आणि तो बरोबर ठरला. पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर्स' या अल्बमच्या वेळी तर मॅकार्टनी बऱ्याच गाण्यांचा बेस शेवटी, बाकी सगळं ध्वनिमुद्रित झाल्यावर वाजवू लागला. माझ्या मते इथे सगळं बदललं. बेस आधी वाजवला तर तो पाया असतो. गाणं समोर तयार असताना, कुठे मोकळी जागा आहे हे ऐकून वाजवला की तो उत्तर देऊ लागतो.

त्यानंतर मी अधाशासारखी ऐकत सुटले. रोज रात्री जेवणं झाली की एक कॅसेट, आणि मांडीवर माझा बेस. आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली, तीच सांगायला एवढं लिहायला घेतलंय. त्या पिढीचे जवळजवळ सगळे मोठे बेसवाले दुसरीकडून कुठून तरी बेसकडे आले आहेत.

मॅकार्टनी गिटारवाला. १९६१ मध्ये त्यांच्या बँडचा बेस वाजवणारा सोडून गेला, त्याची जागा घ्यायला कुणी तयार नव्हतं, ती याच्या गळ्यात पडली. हॅम्बुर्गमध्ये त्याने व्हायोलिनच्या आकाराचा स्वस्त हॉफनर घेतला. तो डावखुरा, आणि दोन्हीकडून सारखा दिसणारा तो बेस उलटा धरला तरी विचित्र वाटत नाही, म्हणून. 'द हू'चा जॉन एन्टविसल फ्रेंच हॉर्न आणि ट्रम्पेट वाजवणारा. 'क्रीम'चा जॅक ब्रूस ग्लासगोच्या संगीत अकादमीत चेलो शिकलेला. 'येस'चा ख्रिस स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायकवृंदात. 'ग्रेटफुल डेड'चा फिल लेश व्हायोलिन आणि ट्रम्पेटवरून आलेला, बँडमध्ये आला तेव्हा त्याने बेस कधी वाजवलाच नव्हता. आणि 'लेड झेपलिन'चा जॉन पॉल जोन्स चौदाव्या वर्षी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. ऑर्गनवाल्याचे पाय खालचे स्वर वाजवतात आणि हात वरचे. म्हणजे बेस त्याच्या पायांत आधीपासून होता, फक्त तो हातात आला.

हे सगळे उरलेल्या वाद्याकडे आले आणि येताना आपली जुनी विद्या घेऊन आले. एन्टविसलचे स्वर हॉर्नसारखे तुटक, टोकदार फेकलेले आहेत. ब्रूसचा बेस चेलोसारखा गातो, स्वर ओढतो. स्क्वायरचा ऐकला की समूहगायनातली दुसरी पट्टी आठवते, मुख्य चालीच्या खाली समांतर जाणारी पण स्वतःची चाल असलेली. 'राउंडअबाउट' (१९७१) ऐका, त्यात बेसच पुढे आहे. तेव्हा विजेवरच्या बेसची परंपरा जेमतेम पंधरा-वीस वर्षांची. लिओ फेंडरने दांडीवर पडदे (फ्रेट) बसवलेला प्रिसिजन बेस बाजारात आणला तो १९५१ मध्ये. काय वाजवायचं हे सांगणारे गुरू नाहीत, चौकट नाही. म्हणून ज्याला जे येत होतं ते त्याने बेसवर आणलं. मला कॉलेजात जे सांगितलं गेलं, "मूळ स्वर धर", ते यांनाही सांगितलं गेलं असणारच. त्यांनी ऐकलं नाही.

'द हू'वर थोडं थांबते. बाबा आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, तबलाही शिकले आहेत. त्यांना मी १९७० सालचं 'लाइव्ह ॲट लीड्स' ऐकवलं, लीड्सच्या विद्यापीठात फेब्रुवारीत झालेला कार्यक्रम. मला वाटलं आवाजाला कंटाळतील. दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अगं, गिटारवाला लेहरा धरतोय आणि स्वतंत्र वादन हे खालचे दोघं करतायत." बाबांनी एका वाक्यात मला तो बँड उलगडून दिला. तबल्याचा सोलो रंगतो तेव्हा हार्मोनियमवाला तीच ओळ फिरवत राहतो, सम दाखवत राहतो. टाउनशेंडची गिटार नेमकं तेच करते, आणि एन्टविसल नि ड्रमवाला मून मनसोक्त फिरून येतात. १९६५ च्या 'माय जनरेशन'मध्ये तर मधला सोलो चक्क बेसचा आहे, रॉकमध्ये तेव्हा न ऐकलेली गोष्ट. पातळ खणखणीत आवाजासाठी एन्टविसलने एक खास बेस घेतला होता. तार तुटली, तशी तार लंडनमध्ये कुठे मिळेना, म्हणून नुसत्या तारांसाठी त्याने पुन्हा तोच बेस विकत घेतला, असं तो स्वतः सांगायचा. आज आपण दुकानात जाऊन सहज ज्या खरखरीत गोल वेटोळ्याच्या तारा मागतो, त्या घडवण्यातही त्याचा हात आहे. तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडवाल्यांबरोबर बसून त्याने त्या आपल्या कानासारख्या करून घेतल्या.

सध्या मी लेड झेपलिनचं 'रॅम्बल ऑन' बसवतेय, १९६९ चं. सुरुवातीला नुसती साधी गिटार, आणि तिच्यावर जोन्सचा बेस वरच्या पडद्यांवर एक छोटी चाल गुणगुणतो. अवघड नाहीत ते स्वर. अवघड आहे ते मधलं थांबणं. मी तीन आठवडे तो तुकडा वाजवला आणि प्रत्येक वेळी एक स्वर जास्त होत होता. रेकॉर्डिंग करून ऐकलं तेव्हा कळलं, दोन ओळींमधली त्याची शांतता मी भरून टाकत होते. ती सोडली आणि गाणं एकदम श्वास घ्यायला लागलं. झेपलिनचं मुंबईशीही नातं आहे. १९७२ मध्ये त्यांचा गिटारवाला पेज आणि गायक प्लांट इथे आले, मुंबईच्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, कुलाब्याच्या स्लिप डिस्क या नाइटक्लबमध्ये वाजवलंही. मामा तेव्हा सतरा वर्षांचा होता, त्याला हे बऱ्याच उशिरा कळलं. पण त्या फेरीत जोन्स नव्हता, आणि मला दरवेळी वाटतं, तबला-सारंगीशेजारी त्याचा बेस असता तर काय झालं असतं!

बेसवाल्याचं नाव न घेण्याची ही सवय जुनी आहे. मॅकार्टनीने ज्याला आपला आदर्श मानलं तो जेम्स जेमर्सन मोटाउनचा. कॉन्ट्राबासवरून (उभा धरून वाजवायचा तो मोठा बेस) आलेला, एका बोटाने वाजवायचा, तारा तुटल्याशिवाय बदलत नसे. त्याने वाजवलेली गाणी जगाने डोक्यावर घेतली. १९७१ पर्यंत त्या रेकॉर्डवर वादकांची नावंच छापली जात नव्हती. १९८३ मध्ये तो सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. लॉस एंजेलिसची कॅरल के मुळात गिटारवाली. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही म्हणून तिच्या हातात बेस दिला, आणि पुढे त्या दशकातल्या कितीतरी गाण्यांखाली ती आहे. पुन्हा तेच, उरलेलं वाद्य. तिचं नाव मला तिशी ओलांडल्यावर कळलं. सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी दोन वर्षं गप्प एक स्वर धरून बसले नसते.

आपल्याकडे बघा. पाचगणीला गेलं की प्रत्येक जण सांगतो, फ्रेडी मर्क्युरी इथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला, इथेच त्याचा पहिला बँड झाला. अभिमान वाटायलाच हवा. पण 'अनदर वन बाइट्स द डस्ट' ज्याने लिहिलं, ज्याच्या बेसवर ते आख्खं गाणं उभं आहे, त्या फ्रेडीच्याच 'क्वीन' बँडमधल्या जॉन डीकनचं नाव विचारा. शांतता. आणि ते गाणं लागलं की नाचताना पाय मात्र त्याच्याच तालावर पडतात.

मलाही याची झळ बसली आहे. तीन वर्षांपूर्वी एका ध्वनिमुद्रणाला दोन दिवस वाजवून आले. गाणं बाहेर आलं तेव्हा माझा बेस काढून कीबोर्डवरचा टाकलेला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, "अगं, फोनवर कुठे काय ऐकू येतं?" तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही.

एका बाबतीत मात्र माझं मामाशी पटत नाही. त्याच्या मते हे सगळं तेव्हाच होऊ शकलं, आता तसं होत नाही. मी ज्या मेटल आणि फंकवर वाढले त्यातले बेसवाले याच माणसांना ऐकून तयार झालेत, हे मी कॅसेटमागून कॅसेट ऐकून पडताळलंय. मी उलट्या दिशेने आले, नातवंडांकडून आजोबांकडे, म्हणून मला चेहरेपट्टी चटकन ओळखू आली. मामाला मी आता माझी गाणी पाठवते. परवा त्याचा फोन आला, "त्या दुसऱ्या गाण्यात बेसवाली मुलगी आहे ना? चांगली वाजवते." मुलगी नाही, मुलगा आहे. पण मामाने गाणं खालून ऐकलं याचाच मला आनंद झाला.

आता कामाचं. डेकचा बेल्ट सैल पडलाय, कॅसेट लावली की आवाज अर्धा स्वर खाली उतरतो आणि डोलतो. जॅक ब्रूसच्या दोन कॅसेट अजून ऐकायच्या राहिल्यात. नाशिक किंवा पुण्यात जुने डेक दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा, मी घेऊन येईन.