तेच इंजिन पुन्हा का बसवले?

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या १९७८ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन बदलल्याविषयीचा माझा लेख वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल प्रथम आभार. आपण स्वतः पद्मिनी बाळगून आहात, त्यामुळे आपले आक्षेप मी वरवर घेऊ शकत नाही. ते थोडक्यात असे आहेत: सिलिंडरमध्ये नवी नळी म्हणजे स्लीव्ह टाकून निम्म्या पैशांत मूळ ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) वाचला असता, इंजिन बदलायचेच होते तर चाळीस अश्वशक्तीचे तेच जुने इंजिन पुन्हा बसवण्याऐवजी मारुती एस्टीमचे बसवायला हवे होते, पन्नाशीला आलेली गाडी मी व्हिंटेज नोंदणीला मुकवली, आणि आरटीओच्या कागदपत्रांचा विषय मी एका वाक्यात गुंडाळला. शेवटचा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे, त्याकडे नंतर येतो. पहिल्या तिघांपैकी एकही मला मान्य नाही, पण त्यातल्या पहिल्याला माझ्याच लेखातली एक पळवाट कारणीभूत आहे.

लेखात मी ‘ब्लॉकला चीर गेली होती’ एवढेच लिहिले. ती कशी गेली हे लिहिले नाही, कारण चूक माझी होती. गेल्या उन्हाळ्यात खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. मी गाडी बाजूला घेतली, दहाच मिनिटे थांबलो आणि रेडिएटरचे झाकण फडक्याने उघडून बाटलीतले गार पाणी ओतले. तापलेल्या बिडात गार पाणी ओतू नये, हे वडिलांनी मला लायसन्स काढण्याच्या आधी शिकवले होते. तिथून कोल्हापूरपर्यंत गाडी आली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची पट्टी ओढली तर तिच्यावरचे तेल अमृततुल्यातल्या चहासारखे दुधाळ झाले होते. पाणी तेलात उतरत होते.

आपल्याप्रमाणेच मलाही प्रथम ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड यांच्यामधल्या गॅस्केटचा संशय आला. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असल्यामुळे तापल्यावर हेड वाकणे आणि गॅस्केट फुंकले जाणे हे नेहमीचेच. हेड उतरवून प्लेटवर तपासले तर ते जवळजवळ सरळ निघाले आणि गॅस्केटही शाबूत होते. मग ब्लॉक शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथल्या मिस्त्रींनी पाण्याची सगळी तोंडे पट्ट्या आणि रबर लावून बंद केली, आत हवेचा दाब दिला आणि ब्लॉक कोमट पाण्याच्या हौदात सोडला. बुडबुडे बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीतून, आले असते तर आपला सल्ला शंभर टक्के बरोबर ठरला असता. ते आले खालून, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ज्यावर तोललेला असतो त्या मधल्या मेन बेअरिंगच्या भिंतीतून. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या, म्हणजे वॉटर जॅकेटच्या, तळापासून निघालेली केसाएवढी चीर थेट त्या भिंतीत उतरली होती.

स्लीव्हचे काम बोअर नवा करून देण्याचे आहे. सिलिंडर झिजला असेल, ओरखडला असेल किंवा चीर सिलिंडरच्या भिंतीत असेल, तर स्लीव्ह हा उत्तम आणि स्वस्त उपाय आहे. याच ब्लॉकचा बोअर माझ्या वडिलांनी पूर्वी दोनदा करून घेतलाच होता. पण या इंजिनाचा क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगांवर तोललेला आहे, आणि प्रत्येक स्फोटाचा धक्का त्या तीन भिंतींनाच सोसावा लागतो. नुसत्या जॅकेटला चीर असती तर ती धातूचे टाके घालून बुजवता येते, आणि मिस्त्रींनी अशी कामे केलेलीही आहेत. मधल्या बेअरिंगच्या भिंतीला टाके घालायला मात्र त्यांनी स्वच्छ नकार दिला. ‘करून देईन, पण हायवेला घेऊ नका’ असे म्हणणारा कारागीर भेटला की आपण त्याचे ऐकावे, असे मला वाटते. नुसता रिकामा ब्लॉक आणून आपला क्रँक त्यात का टाकला नाही, असे आपण विचारले आहे. मेन बेअरिंगच्या टोप्या ज्या ब्लॉकवर बोअर केल्या जातात त्या त्याच ब्लॉकच्या असतात, दुसऱ्या ब्लॉकवर बसत नाहीत. आणि मला जे रिकामे ब्लॉक दाखवले गेले त्यांच्या टोप्या हरवलेल्या होत्या. म्हणून पूर्ण इंजिन घेतले.

इंजिन शोधायला मी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातही गेलो होतो. प्रीमियरचा कारखाना त्याच कुर्ल्यात होता, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर या इंजिनांना तोटा नव्हता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आता जे उरले आहे ते बहुतेक गॅसवर चाललेले. मी पाहिलेल्या दोन टॅक्सी-इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट इतक्या आत गेल्या होत्या की टॅपेटला फट उरली नव्हती. अखेर मिळाले ते सांगली भागातल्या एका घरगुती गाडीचे, नोंदणी रीतसर रद्द करून मोडीत काढलेल्या. त्यातही मी हेड माझेच वापरले.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे. आपण लिहिता की एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन स्वस्तात मिळते, त्याचे भाग कुठेही मिळतात, आणि ते घातल्यावर पद्मिनी ‘गाडीसारखी पळते’. पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र गाडीच्या उरलेल्या भागाला विचारावे लागते.

एस्टीममध्ये ते इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. पद्मिनीत इंजिन लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरतात. म्हणजे एस्टीमचा गिअरबॉक्स निरुपयोगी. त्याजागी मागची चाके फिरवणाऱ्या मारुती जिप्सी किंगचा आणावा लागतो, मग मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून नव्या लांबीचा करून तोलून घ्यावा लागतो, इंजिनाचे माउंट नव्याने वेल्ड करावे लागतात, आणि इंजिनाखालचे तेलाचे भांडे म्हणजे सम्प स्टिअरिंगच्या दांड्यांना किंवा क्रॉसमेंबरला लागतो आहे असे दिसले की तोही कापून सांधावा लागतो. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवर चालणारे एमपीएफआय इंजिन घेतले तर टाकीत दाबाचा पंप, पेट्रोल परत आणणारी नळी, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीएम आणि त्याचे संपूर्ण वायरिंग हे वेगळेच. यातले प्रत्येक काम होण्यासारखे आहे, आणि ती सुबकपणे केलेली एक गाडी मी पाहिलीही आहे. तिच्या मालकाचा खर्च मात्र आपण लिहिलेल्या आकड्याच्या तिपटीहून अधिक होता, कारण स्वस्त असते ते फक्त इंजिन.

पण माझा खरा आक्षेप खर्चाला नाही. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर अखंड अॅक्सल आहे. ही सगळी योजना १०८९ सीसीच्या, चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला बेतलेली आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून थांबताना ड्रममध्ये जेवढी उष्णता मुरते, त्याच्या पावणेदोन पटीहून थोडी अधिक ८० वरून थांबताना मुरते; आणि ड्रम ही उष्णता डिस्कइतकी चटकन बाहेर टाकत नाही. आंबा घाट उतरताना तिसऱ्या वळणावर पेडल खाली खाली जाऊ लागते तेव्हा हे गणित पायाला समजते. दुप्पट ताकदीचे इंजिन घातलेली गाडी मी ६० नेच चालवीन, असे आपण म्हणाल. मग ती ताकद कशासाठी घ्यायची? आणि चालवणारा नेहमी मीच असेन असेही नाही. माझा पुतण्या कालच लायसन्स घेऊन आला आहे.

आपण एस्टीमऐवजी ११८ एनईचे इंजिन सुचवले असते तर मी अधिक विचारात पडलो असतो. ते निसानचे ११७१ सीसीचे इंजिन प्रीमियरनेच आपल्या दुसऱ्या गाडीत दिले होते, ताकद बेताचीच अधिक आहे, आणि शेवटच्या काळातल्या पद्मिनींना स्टिअरिंगजवळच्या दांड्याऐवजी खाली जमिनीवरचा गिअर खुद्द कंपनीनेच दिला होता. गाडीच्या प्रकृतीला ते मानवले असते. मी ते टाळले ते कागदांमुळे, आणि इथे मी आपल्या चौथ्या आक्षेपावर येतो.

‘नवीन इंजिन नंबर आरटीओत चढवून घेतला’ हे माझे वाक्य बेजबाबदार होते, कारण ते वाचून कोणालाही वाटेल की आधी इंजिन बसवावे आणि मग सवडीने नंबर चढवावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वेगळ्या बनावटीचे, वेगळ्या सीसीचे इंजिन या कलमात अडकते. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन असेल तर प्रमाणपत्रात बदलतो तो फक्त क्रमांक.

मी प्रत्यक्षात केले ते असे. जुने इंजिन उतरवण्याआधी अर्ज दिला. सोबत नव्या इंजिनाचे बिल, ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि माझे मूळ प्रमाणपत्र जोडले. इंजिन बसल्यावर गाडी तपासणीला नेली. निरीक्षकांनी ब्लॉकवरचा ठोकलेला क्रमांक पुसून, बॅटरीच्या उजेडात दोनदा वाचला आणि त्याची पेन्सिलने घासून छाप घेतली. सुधारित प्रमाणपत्र हातात आल्यावर विमा कंपनीलाही कळवले, कारण पॉलिसीवर जुना क्रमांक राहिला तर दाव्याच्या वेळी तोच आपल्या विरोधात उभा राहतो. पहिला अर्ज बिलावर इंजिनाचा क्रमांक नसल्यामुळे परत आला होता. म्हणून वाचकांना सांगतो, की भंगारवाल्याला पैसे देण्याआधी क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. नंतर तो फोन उचलत नाही. मूळ लेखातले ते वाक्य काढून हा सगळा मजकूर मी तिथे घातला आहे.

राहिला व्हिंटेज नोंदणीचा प्रश्न. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, आणि माझी गाडी २०२८ मध्ये त्या वयाला पोहोचेल, हे आपले म्हणणे बरोबर आहे. त्या नियमांत चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या फेरफाराला जागा नाही, हेही खरे. एस्टीमचे इंजिन घातलेली गाडी तर त्या दाराशीही उभी राहू शकली नसती, ही गोष्ट आपल्या दोन आक्षेपांमध्ये एकमेकींशी भांडते आहे. पण मुख्य मुद्दा असा, की व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. आमची गाडी दर पंधरवड्याला आईला घेऊन गावी जाते. मागच्या खेपेला डिकीत दोन पोती शेंगा होत्या. त्या गाडीला मी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून साध्याच नोंदणीत ठेवणार आहे.

आपण विचारलेल्या एका तांत्रिक गोष्टीचे उत्तर राहिले. क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी मी बाजारातले हत्यार वापरले नाही. भंगारातल्या एका पद्मिनी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळाला, तोच आत घालून प्लेट आवळली, आणि गिअरबॉक्स पहिल्याच प्रयत्नात बसला. पहिल्यांदा सुरू करताना चारही प्लग काढून, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला आणि मगच प्लग लावले. हेडचे बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण गार असताना, पुन्हा ठरलेल्या क्रमाने कसले. दोन बोल्ट पाव फेरा फिरले.

आणि नव्या इंजिनाबरोबर आलेले हेड माझ्याकडे तसेच पडून आहे. सरळ आहे, सीट चांगल्या आहेत, फक्त चौथ्या सिलिंडरच्या प्लगचे आटे थोडे गेलेले आहेत, ते हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालून होतील. आपल्या गाडीला लागणार असेल तर कोल्हापूरला येणे होईल तेव्हा घेऊन जावे.