सॅटेलाइटला फळं दिसत नाहीत

एका लेखात म्हटलंय की आता सॅटेलाइट आहेत तर जंगलात वर्षानुवर्षं माणसं ठेवून नोंदी घ्यायची गरज उरली नाही, हे अजिबात पटलं नाही. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या लोपे राष्ट्रीय उद्यानाचंच बघा ना, तिथे 1986 पासून दर महिन्याला तीच ठरलेली झाडं, खाली उभं राहून दुर्बिणीतून शेंडा बघायचा, फुलं किती, कच्ची फळं किती, पिकलेली किती, कोवळी पालवी आलीय का, सगळं लिहून घ्यायचं आणि पुढच्या महिन्यात परत तेच झाड. वरून ते जंगल हिरवंगारच दिसतं हो! पण या नोंदींवरून 2020 मध्ये कळलं की पूर्वी 10 झाडांत एकावर तरी पिकलं फळ सापडायचं, आता त्यासाठी 50 झाडं हिंडावी लागतात, आणि ही फळं खाणाऱ्या तिथल्या हत्तींचे फोटो ताडून बघितले तर 2008 नंतर त्यांची तब्येतही उतरलेली. तिथल्या काही झाडांना फुलोऱ्यासाठी रात्रीचा गारवा लागतो असं दिसतंय, आणि हवा तर तापतेय. दोन-तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये हे कळणारच नाही, कारण एखादं वर्ष तसंही कमी फळांचं जातं. फंडिंग द्यायचंच असेल तर आधी या नोंदी घेणाऱ्यांच्या पगाराला द्या.