बाय-टू

आज सकाळी माझ्या कॉफीतली अर्धी कॉफी एका अनोळखी माणसाने प्यायली आणि पैसे मी भरले. कॉफी काही महाग नव्हती हो, पण ती माझी होती!

साताऱ्याहून बंगळुरात आल्यावर सकाळचा फेरा एकदा बसला की बरंच निभावतं. सँकी टँकला चक्कर, मग मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला फुलं, मग दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी. फुलं इथे हातावर मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ, त्यामुळे बायको आधी फुलं बघतच नाही, फूलवालीचा हात किती लांब आहे ते बघते. आमची नेहमीची बाई चांगली उंच आहे.

असो, कॉफी. टोकन घेतलं, काउंटरवर सरकवलं, 'सक्करे कम्मी' असं घोटून पाठ केलेलं कन्नड म्हटलं आणि तेवढ्यात बाजूने आवाज आला, "बाय-टू माडी!" म्हणजे एकाचे दोन करा. पोऱ्याने वर न बघता माझी कॉफी दोन ग्लासांत ओतली.

बघतो तर एक काका. बाहेर वीसेक डिग्री असेल, पण डोक्यावर मंकी कॅप, अंगात स्वेटर, पायात पांढरेशुभ्र बूट.

म्हटलं, "सर, हे माझं टोकन."

"येस येस. यू हाफ, मी हाफ."

"पण मला फुल पाहिजे होती."

"यंग मॅन, सो मच कॉफी व्हाय?"

आता यंग मॅन मला शेवटचं कोण कधी म्हणालं होतं आठवत नाही, त्यामुळे मी जरा ढिला पडलो, आणि तिथेच त्यांनी ग्लास उचलला. डॉक्टरांनी अर्धीच सांगितलीय म्हणे. रोजचा अर्धीवाला दोस्त मुलीकडे म्हैसूरला गेलाय. घरी मिसेसना या अर्धीचाही पत्ता नाही, तेव्हा तुम्ही बोलू नका! मी कुठे बोलणार, मला तर त्यांचं घरही माहीत नाही.

"व्हिच प्लेस?"

"सातारा."

"ओ, पुणे!"

"पुणे नाही, सातारा."

"येस, पुणे साइड." मग फुंकर मारत त्यांनीच मला सांगितलं की इथलं काडु मल्लेश्वर मंदिर तुमच्या लोकांनी बांधलं. माहितीये मला! शहाजीराजांची इथे जहागीर होती, व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात ते देऊळ बांधलं म्हणतात आणि त्याच मल्लेश्वरात मला एक ग्लास कॉफी राखता येत नाही.

आणि वाटून घ्यायची एवढी हौस आहे तर घरमालकांना कशी नाही? दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घेतलं, घर सोडताना रंगाच्या नावाखाली अख्खा एक महिना कापला, भिंतीला आम्ही बोट लावलं नव्हतं. पाण्याच्या टँकरचे पैसे वेगळे. तिथे कोणी नाही म्हणत, बाय-टू माडी.

काकांनी ग्लास ठेवला, रुमालाने मिश्या पुसल्या. "टुमॉरो सेम टाइम. डोंट बी लेट." आणि गेले. उद्याचे पैसे कोण देणार यावर अवाक्षर नाही.

बायको म्हणते, मग उद्या दुसऱ्या दर्शिनीत जा ना. मी का जाऊ? मी तिथलं रोजचं गिऱ्हाईक आहे, जायचं तर त्यांनी जावं.