बारीक पाइपने प्रेशर वाढत नाही

नव्या बाथरूमचं काम काढलं की फोनवर एक मेसेज हमखास येतो. "सगळी लाइन अर्धा इंचीच टाका, पाइप जितका बारीक तितकं प्रेशर जास्त. थंड पाण्याचा पाइप गरमलाही चालतो. एल्बो (पाइप वळवणारे जोड) कितीही आले तरी फरक पडत नाही. टेस्टिंगमध्ये वेळ घालवू नका, नळ सोडून बघितला की झालं." यातला एकही सल्ला खरा नाही, आणि चूक कळते ती टाइल्स बसल्यावर. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याने होतं. नळ बंद असताना पाइपमधलं प्रेशर ठरतं ते टाकीतलं पाणी नळापेक्षा किती उंच आहे त्यावर. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे प्रेशर मोजायचं एकक). शॉवरच्या वर ४ मीटरवर पाण्याची पातळी असेल तर हातात ०.४ बारच आहेत; पाइप बारीक करून त्यात कणभरही भर पडत नाही. उलट पाणी वाहू लागलं की घर्षणात प्रेशर खर्च होतं. तेवढंच पाणी पाऊण इंचीऐवजी अर्धा इंची पाइपातून न्यायचं तर घर्षणाचा तोटा जवळपास सातपट होतो. फ्लश टँक भरत असताना शॉवरची धार मरते, ती याच कारणाने.

मग हा समज आला कुठून? बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, हे सगळ्यांनी केलेलं असतं. पण तेव्हा नळीतून जाणारं पाणी कमी झालेलं असतं, म्हणून वाटेतला तोटा कमी होतो आणि अंगठ्यामागे प्रेशर साचतं. त्याच दाबलेल्या नळीने बादली भरून बघा, वेळ जास्तच लागेल.

म्हणून टाकीकडून येणारी मुख्य लाइन पाऊण इंचीच ठेवा, टाकी फारशी उंच नसेल तर एक इंची. तिथून बेसिनला, फ्लश टँकला जाणारे शेवटचे फाटे अर्धा इंची असले तर काहीच बिघडत नाही. गिझर ते बेसिन ही लाइन तर मुद्दाम जाड करू नये. १० मीटर पाऊण इंची पाइपात सुमारे २.८ लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत सुमारे १.३ लिटर. हात धुवायला गरम पाणी येईपर्यंत हे थंड झालेलं पाणी दर वेळी वाहून जातं.

एल्बोचा मुद्दाही याच हिशेबातला आहे. अर्धा इंची लाइनमधला एक एल्बो ढोबळमानाने अर्धा मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. आठ एल्बो म्हणजे चार मीटर पाइप वाढवल्यासारखं.

गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप, अजिबात नको. तो ६० अंशांच्या आतच ताकद गमावू लागतो आणि गिझर सहज तिथवर जातो. गरम पाण्यासाठीचा प्लास्टिक पाइप, सीपीव्हीसी, ८२ अंशांपर्यंत प्रेशर धरतो.

आता टेस्टिंग. नुसता नळ सोडला की प्रेशर उतरतं, त्यामुळे कच्चा जोड तेव्हा गप्प बसतो. जोड चिकटवायचं सोल्युशन पूर्ण वाळू द्यायचं, गिझर जोडायचा नाही, सगळ्या पॉइंटना एंड प्लग (तोंड बंद करणारी बुचं) लावायचे, पाणी भरून आतली हवा काढायची आणि टेस्टिंग पंपाने पाइप कंपनीने सांगितलेल्या प्रेशरपर्यंत नेऊन दोन तास पंपावरच्या प्रेशर गेजचा काटा बघायचा. हवा भरून मात्र टेस्ट करू नये. प्लास्टिकचा पाइप फुटला तर तुकडे उडतात.

आमच्याकडे दोन तासांत काटा थोडासाच खाली आला होता. प्लंबर म्हणाला, पंपाचाच वॉशर असेल. मी प्रत्येक जोडाखालून बोट फिरवत गेलो. डायव्हर्टरच्या (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या वॉल्व्हच्या) मागच्या एल्बोला बोट ओलं झालं. मोहरीएवढा थेंब, पुसला की पुन्हा हळूहळू जमणारा. तो एल्बो कापून नवा बसवला, पुन्हा दोन तास काटा बघितला, आणि मगच गिलावा करू दिला.