ताटावर आडवा हात

घर बदलून 2 महिने झाले. सामान हलवणाऱ्यांनी 41 खोकी भरली होती, त्यातली 11 अजून गॅलरीत तशीच पडून आहेत, चिकटपट्टीसकट. आणि या 2 महिन्यांत आमचं काहीही अडलेलं नाही.

परवा पावसाचं पाणी आत येऊ लागलं म्हणून एक खोकं उघडलं. आत आहेरात आलेली, नावं घातलेली स्टीलची भांडी. एका तांब्यावर असं नाव, की ही बाई आपली नेमकी कोण लागते हे आईलाही सांगता येईना. इडलीपात्रं दोन. किसण्या चार. एकही धड किसत नाही, म्हणूनच बहुधा चार.

तेव्हापासून आजोबा आठवतायत. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन फिरायला लागला की तिसऱ्या जिलबीनंतर ते ताटावर आडवा हात धरायचे. यजमान स्वतः आग्रहाला आले तरी हात हलायचा नाही. एकदा मी विचारलं, "आवडत नाही का?" म्हणाले, "आवडते की! पण चौथी तिसरीसारखी लागत नाही." त्यात त्याग वगैरे काही नव्हता. (पानाच्या विड्याला मात्र हा नियम नसे.)

समाधान म्हणजे मला एवढंच वाटतं. चौथी कुठली हे ओळखता येणं. आपली पंचाईत अशी की आताचा वाढपी ताटाकडे बघतच नाही. रात्री 11 वाजता फोनवर "तुम्ही निवडलेली वस्तू संपत आलीय" असं कळवणाऱ्यापुढे हात आडवा धरायचा तरी कुठे? वर बिनव्याजी हप्ते. वस्तूचं कौतुक दुसऱ्या हप्त्याला ओसरतं, हप्ते असतात 12.

मागच्या हिवाळ्यात लग्नासाठी वर्ध्याला गेलो, तेव्हा सेवाग्राम पाहिलं. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. बापू कुटी आधी त्यांच्या शिष्या मीराबेनसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. आत पाऊल टाकलं की आपला आवाज आपोआप खाली येतो.

पण मी रेंगाळलो बा कुटीपाशी. सुरुवातीला सगळे आदि निवासात, म्हणजे आश्रमातल्या पहिल्या घरात, एकत्रच राहायचे, पाहुण्यांसकट. कस्तुरबांची त्यात कुचंबणा व्हायची, म्हणून जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी ही वेगळी कुटी बांधून दिली. साधेपणाचे गोडवे गाताना आपण नेमकी ही कुटी गाळतो. मला किती पुरे हे मी ठरवावं, बायकोला किती पुरे हे तिनं. माझ्या पाहण्यातले एक गृहस्थ "आम्ही फार साधे, वॉशिंग मशीनसुद्धा नाही आमच्याकडे" असं चारचौघांत सांगतात. कपडे कोण धुतं ते विचारायचं नाही.

आणखी एक. काही वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या कंपनीत 4 महिने पगार झाला नव्हता. मुलीची फी थकलेली. तेव्हा एका काकांनी "अंथरूण पाहून पाय पसरावेत रे" असा सल्ला दिला होता. अहो काका, अंथरूणच काढून घेतलं होतं! त्या दिवसांत 'समाधान' हा शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरायचं. आजोबांचा आडवा हात तीन जिलब्या पोटात गेल्यानंतरचा होता. रिकाम्या ताटासमोर बसलेल्याला "पुरे म्हणायला शीक" असं सांगणं म्हणजे निव्वळ कोडगेपणा. म्हणून हे लिहितोय ते भरल्या ताटाच्या लोकांसाठी, म्हणजे आधी माझ्यासाठी.

कारण सेवाग्रामहून येताना मी काय केलं? खादीचा कुर्ता घेतला. घरात दोन होतेच.

असो. भांडी दिली, आईचं नाव असलेलं एक पातेलं तेवढं ठेवलं. उरली 10 खोकी. मी म्हणतोय, न उघडता तशीच देऊन टाकू, उघडली की त्यातलं प्रत्येक हवंसं वाटणार. बायको म्हणते, "आधी उघड. माझा पुरणयंत्राचा दांडा सापडत नाहीये."