‘आपोआप सरळ होतो’ म्हणणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

“बाळांचे डोळे वर्षभरात आपोआप सरळ होतात, आमच्या नातवाचे झाले. चष्म्याने तिरळेपणा जातो ही थाप आहे. तुम्ही आयांना उगाच घाबरवता,” असं तुम्ही लहान मुलांच्या तिरळेपणावरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंय.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरंचसं खरं आहे. तीन-चार महिन्यांपर्यंत तान्ह्या बाळाचे डोळे अधूनमधून भरकटतात, हे मी लेखात लिहायला हवं होतं. शिवाय नाक बसकं असलं की नाकाकडचा पांढरा भाग कातडीने झाकला जातो आणि सरळ डोळाही आत वळल्यासारखा वाटतो. नाक वर आलं की तो भास जातो. नातवाचं असंच काही असावं.

पण दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा डोळा आत वळू लागला, तर तो भास म्हणून सोडू नये. या वयात बऱ्याचदा मोठा प्लस नंबर निघतो. स्पष्ट दिसावं म्हणून मूल फोकस करायला जोर लावतं, आणि फोकसबरोबर डोळे नाकाकडे ओढले जातात. प्लसचा चष्मा तो जोर वाचवतो, डोळा सरळ राहतो. चष्मा काढला की पुन्हा आत! मग घरचे चष्म्यालाच बोल लावतात. अर्थात सगळेच तिरळे डोळे चष्म्याने सरळ होत नाहीत. बाहेर वळणारा डोळा तर भारी लबाड: मूल दमलं, तंद्रीत गेलं की पळतो, उन्हात मिटतो आणि डॉक्टरांसमोर शहाण्यासारखा सरळ.

मी कडक लिहिलं, कारण माझा डावा डोळा. ‘तिरळा म्हणजे नशीबवान’ म्हणत घरच्यांनी वाट पाहिली. दोन चित्रांचा गोंधळ नको म्हणून मेंदूने डाव्याचं चित्र घेणंच सोडलं. चौदाव्या वर्षी ऑपरेशन झालं. फोटोत डोळा सरळ येतो, पण नुसत्या त्या डोळ्याने आजही पेपर वाचता येत नाही.

आणि काका, शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, “मलाच चार दिवस एकाचे दोन दिसतात, वय झालं.” हे वयावर ढकलू नका. एकेक डोळा आळीपाळीने झाकून बघा. कुठलाही झाकला तरी दुसरं चित्र जात असेल, तर डोळा हलवणारी एखादी नस कमजोर पडलेली असू शकते. शुगर-बीपीमुळे हे होतं, क्वचित मेंदूतल्या कारणानेही. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पापणी खाली आली असेल किंवा डोकं फार दुखत असेल, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात. आणि गाडी मुलाला चालवू द्या.