कामाठीपुऱ्याला कसलं लायसन्स?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच फिरलं: 'कामाठीपुरा हा सरकारमान्य रेड लाइट एरिया आहे, तिथल्या घरांना पालिकेचं लायसन्स असतं. बाहेर कुठे धंदा दिसला तर ती बाई गुन्हेगार. आता पुनर्विकास झाला की तिथलंही संपेल.' खाली अकरा अंगठे.

पालिका खानावळीला, पिठाच्या गिरणीला परवाना देते. कुंटणखान्याला देऊच शकत नाही, कारण १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने (पोलिसांच्या भाषेत 'पिटा') तो चालवणं हाच गुन्हा आहे; मग गल्ली कामाठीपुऱ्यातली असो की पाली हिलवरची. विकास आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक असे पट्टे आहेत. लाल दिव्याचा नाही.

'इंग्रजांनी दिलं होतं की,' एका काकांनी लिहिलं. काका, १८६८च्या कायद्याने बायकांची नोंद व्हायची ती सक्तीच्या रोगतपासणीसाठी. १८८८ साली तो कायदाही गेला.

'बाई गुन्हेगार' इथे मात्र फॉरवर्ड साफ घसरतो. सज्ञान बाईने स्वखुशीने धंदा करणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. २०२० साली सुधारगृहातल्या तीन तरुणींना सोडताना मुंबई उच्च न्यायालयाने तसं स्पष्ट लिहिलंय. जागा कुंटणखाना ठरते ती दुसऱ्याच्या कमाईसाठी वापरली तर, किंवा दोघींनी मिळून आपल्या फायद्यासाठी वापरली तर. म्हणजे खोलीत एकटी असेल तर व्याख्येबाहेर, आणि रात्रीबेरात्री सोबत हवी म्हणून मैत्रिणीला घेतलं की कलम ३, म्हणजे कुंटणखाना चालवण्याचा गुन्हा, दारात. कायदा करणाऱ्यांनी हा विचार केला होता का, देव जाणे.

खरी मेख कलम ७ मध्ये आहे. प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, इस्पितळ यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर बाईलाही शिक्षा. २०० मीटर म्हणजे पायी जेमतेम तीन मिनिटं. कामाठीपुऱ्यातल्या सुखलाजी स्ट्रीटच्या नाक्यावर उभे राहा आणि तीन मिनिटांत देऊळ, मशीद, शाळा, दवाखाना काहीच लागणार नाही अशी दिशा दाखवा. ज्या गल्लीला तुम्ही सरकारमान्य म्हणता, तिथेच बाई सगळ्यात जास्त कचाट्यात आहे.

राहिला पुनर्विकास. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(९)खाली समूह विकास (अनेक जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास) होतो तेव्हा पात्रता ठरते ती कागदावर: मालक, पागडीवाला, भाडेकरू. पोटमाळ्यावर पडद्याआड घरवालीकडून (कुंटणखाना चालवणारीकडून) रोजाने खाट घेणारीच्या हातात भाडेपावती नसते. ती कामाठीपुऱ्यातून जाईल, धंद्यातून नाही. उद्या नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत खोली घेईल, आणि तिथल्या ग्रुपवर हाच फॉरवर्ड फिरेल.